नाणं वाजवून घ्यायचं असतं

एक सोन्याचं नाणं आहे. रोमचा सम्राट गॅलिएनस याने पाडलेलं, इ.स. २६० नंतरच्या दशकातलं. मागच्या बाजूला विजयाची देवता दोन घोड्यांचा रथ हाकतेय आणि कडेने दोनच शब्द आहेत : ‘उबिक्वे पाक्स’. अर्थ, सगळीकडे शांतता.

आता तेव्हाची परिस्थिती बघा. इ.स. २६० मध्ये या गॅलिएनसचा बाप, म्हणजे खुद्द सम्राट व्हॅलेरियन, इराणच्या शापूर राजाच्या हाती जिवंत सापडला आणि कैदेतच मेला. पश्चिमेला पोस्तुमस नावाच्या सेनापतीने गॉल आणि ब्रिटनसह वेगळं राज्यच थाटलं. पूर्वेचा कारभार रोमच्या नावाने चालायचा, पण चालवायचे पाल्मायरा शहराचे सरदार. उत्तरेकडून टोळ्या सरहद्द ओलांडून आत येत होत्या. आणि टांकसाळीतून सोनं बाहेर पडतंय ते सांगतंय, सगळीकडे शांतता!

मला हे फार ओळखीचं वाटतं. वीसेक वर्षं तालुक्याच्या बातम्या करतोय. ‘शहराचा पाणीपुरवठा सुरळीत’ अशी प्रेसनोट कधी येते? पाचव्या दिवशीही नळ कोरडा असतो आणि बायका हंडे घेऊन पालिकेच्या दारात बसतात, तेव्हा. पाणी रोज येत असतं त्या दिवसांत त्याची प्रेसनोट काढायची कोणाला गरजच पडत नाही.

रोमची सोन्याची नाणी ही त्या काळची सरकारी प्रेसनोटच होती, असं माझं मत होत चाललंय. ती कशी वाचायची, यावर आज लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी हे नाणं काय होतं ते बघू. त्याचं नाव ऑरियस, म्हणजे साधं ‘सोन्याचं’. रोममध्ये सोन्याची नाणी मोठ्या प्रमाणावर पाडायला सुरुवात झाली ती ज्युलियस सीझरच्या काळात. वजन आठ ग्रॅमच्या आसपास, सोनं जवळजवळ शुद्ध. एका ऑरियसला चांदीचे २५ डिनॅरियस मिळत, किंवा पितळेचे १०० सेस्टर्शियस. सम्राट ऑगस्टसच्या काळात रोमन फौजेतल्या साध्या शिपायाचा वर्षाचा पगार होता २२५ डिनॅरियस. म्हणजे वर्षभर ढाल-भाला वागवायचा आणि हाती येणार नऊ ऑरियस. त्यातून जेवणाचे आणि कपड्याचे कापून घेणार ते वेगळेच.

त्यामुळे भाजी बाजारात हे नाणं फिरत नव्हतं. ते जायचं सरदारांकडे, अधिकाऱ्यांकडे, मोठ्या व्यापाऱ्यांकडे, आणि नवा सम्राट गादीवर आला की फौजेला बक्षिसी म्हणून. ज्यांच्या जिवावर गादी टिकायची त्यांच्याच कमरेच्या कशात ते बसायचं. सोन्यावर कोणतं चित्र काढायचं हे ठरताना हाच वाचक डोळ्यांपुढे असणार.

आणि पोहोच बघा. छापखाना नाही, रेडिओ नाही. ब्रिटनपासून इजिप्तपर्यंत एकसारखं पोहोचणारं चित्र असेल तर ते नाण्यावरचंच. लोखंडी किंवा काशाच्या ठशावर उलटं चित्र कोरायचं, दोन ठशांच्या मधे सोन्याची चकती धरायची आणि वरून हातोडा हाणायचा. एका घावात समोर चेहरा आणि मागे मजकूर. रोमची जुनी टांकसाळ जूनो मोनेटा या देवीच्या देवळाला लागून होती. इंग्रजीतला ‘मनी’ हा शब्द त्या मोनेटावरूनच आला.

आता चेहऱ्याकडे येऊ. रोम हे शेकडो वर्षं प्रजासत्ताक होतं आणि तिथे एक पथ्य पाळलं जायचं. नाण्यावर देव चालतील, देवी चालतील, मेलेले पूर्वजही चालतील. जिवंत माणूस चालणार नाही. कारण जिवंत माणसाचा चेहरा नाण्यावर आला म्हणजे तो राजा झाला, आणि राजा या शब्दाचीच रोमला ॲलर्जी होती. हे पथ्य मोडलं इ.स.पू. ४४ मध्ये. वर्षाच्या सुरुवातीला रोमच्या टांकसाळीतून ज्युलियस सीझरचा चेहरा असलेली चांदीची नाणी बाहेर पडली. १५ मार्चला सीझरचा खून झाला. खुनाची कारणं बरीच होती, पण हा माणूस राजा व्हायला निघालाय हे कोणाला वेगळं पटवून द्यायची गरज उरली नव्हती. पुरावा खिशात होता.

पुढची गोष्ट जास्त मजेची आहे. मारेकऱ्यांचा पुढारी ब्रूटस. हाच ब्रूटस दहा वर्षांपूर्वी टांकसाळीचा अधिकारी होता, तेव्हा त्याने नाण्यावर स्वातंत्र्यदेवतेचं चित्र काढलं होतं आणि सोबत राजेशाही उलथवणारा आपला पूर्वज. सीझरला मारून तो पूर्वेकडे गेला, फौज उभी केली. फौजेला पगार हवा, म्हणून नाणी पाडली. त्या नाण्याच्या मागे दोन खंजीर आहेत. मधे एक टोपी, जी रोममध्ये गुलामाला मुक्त केल्यावर घालायला मिळायची. खाली तारीख : १५ मार्च. आम्ही खून केला, स्वातंत्र्यासाठी केला, असा थेट मजकूर. आणि नाणं उलटं करून समोरची बाजू बघितली तर चेहरा कोणाचा? जिवंत ब्रूटसचा!

ज्या कारणासाठी सीझरला भोसकलं तीच गोष्ट याने दोन वर्षांत केली. एकाधिकारशाहीविरुद्ध लढणारा माणूस स्वतःचा फोटो कधी लावायला लागतो, इकडे लक्ष ठेवायची सवय या नाण्याने लावावी.

या नाण्याचे सोन्यातले नमुने बोटांवर मोजण्याइतके शिल्लक आहेत. त्यांतला एक २०२० मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ४२ लाख डॉलरला गेला. तेव्हाच्या भावाने तीस कोटी रुपयांच्या घरात. नंतर निघालं असं, की नाणं खरं होतं, पण ते कोणाकडून कोणाकडे आलं याची कागदपत्रं बनावट होती. २०२३ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणेने ते ग्रीसला परत केलं. नाणं खरं आणि सातबारा खोटा, असा प्रकार.

ब्रूटस हरला आणि गादी सीझरच्या दत्तकपुत्राकडे आली. तोच ऑगस्टस. या माणसाला प्रचार म्हणजे काय हे पुरेपूर कळलं होतं. इजिप्त जिंकल्यावर त्याने नाण्यावर फक्त एक मगर काढली आणि लिहिलं, ‘इजिप्त घेतला’. संपलं. निरक्षर शिपायालाही कळेल असं चित्र. स्वतःचा चेहरा मात्र त्याने आयुष्यभर तरुण ठेवला. ऑगस्टस पंचाहत्तरी ओलांडून इ.स. १४ मध्ये वारला, तरी त्याच्या शेवटच्या वर्षांतल्या नाण्यांवरही एक सुरकुती नाही. आपल्याकडे काही नेत्यांचा फ्लेक्सवरचा फोटो वीस वर्षं बदलत नाही, त्याची जुनी परंपरा ही अशी.

नाण्यावरून सत्तेची भांडणंही वाचता येतात. इ.स. ५४ मध्ये सोळा वर्षांचा नीरो सम्राट झाला. खरी सूत्रं आईच्या, अग्रिपिनाच्या हातात. त्या वर्षीच्या ऑरियसवर मायलेक समोरासमोर आहेत, दोघांचे चेहरे सारखेच मोठे. पण चेहऱ्यांभोवती नाव आणि पदव्या आईच्या; सम्राटाचं नाव मागच्या बाजूला. ५५ साल उजाडलं. आता दोघे एकाच दिशेला बघतात, नीरो पुढे आणि आईचा चेहरा त्याच्या मागून डोकावतोय. दर्शनी बाजूला नाव नीरोचं, आई गेली मागच्या पानावर. त्यानंतर आई नाण्यावरून गायबच झाली. आणि ५९ मध्ये नीरोने तिचा खून करवला.

म्हणजे ज्याने फक्त ही नाणी बघितली असती त्याला चार वर्षं आधी वारा कुठे वाहतोय ते कळलं असतं. फ्लेक्सवर कोणाचा फोटो मोठा, कोणाचा खालच्या रांगेत गोलात, आणि यंदा कोणाचा काढलाय, यावरून आपल्या स्टँडवरचा चहावालासुद्धा पक्षात काय शिजतंय ते बिनचूक सांगतो. आमच्याआधी सांगतो.

आता मूळ मुद्दा. नाणं जे ओरडून सांगतं तेच नेमकं दुखणं असतं. दोन उदाहरणं देतो.

इ.स. ६९. एका वर्षात रोमला चार सम्राट झाले. दुसरा ओथो. आधीच्या सम्राटाला भर चौकात मारवून गादीवर आला, समोरून दुसऱ्या दावेदाराची फौज चालून येत होती. ओथोच्या सोन्याच्या आणि चांदीच्या नाण्यांवर मजकूर काय? ‘साऱ्या पृथ्वीवर शांतता’. तीन महिने टिकला. लढाई हरल्यावर स्वतःच जीव दिला.

इ.स. १९३. सम्राटाच्या अंगरक्षक दलाने सम्राट पर्टिनॅक्सला मारलं आणि गादीचा चक्क लिलाव मांडला. दोन जणांनी बोली लावली. डिडियस ज्युलियानस जिंकला, दर शिपायामागे २५ हजार सेस्टर्शियस कबूल करून. म्हणजे माणशी अडीचशे ऑरियस. विकत घेतलेल्या या राज्याच्या ऑरियसवर एक देवी दोन्ही हातांत फौजेची निशाणं घेऊन उभी आहे आणि शब्द आहेत, ‘सैनिकांचं एकमत’. एकमत ६६ दिवस टिकलं. दुसरा सेनापती चालून आला, शिपायांनी हात वर केले आणि ज्युलियानस राजवाड्यातच मारला गेला.

पण सगळीच प्रेसनोट खोटी असते असं म्हणणं हाही आळस आहे. मी तो करणार नाही. ट्राजन सम्राटाच्या, म्हणजे इ.स. ९८ ते ११७ या काळातल्या, एका ऑरियसवर सम्राट उभा आहे आणि समोर लहान मुलं हात पुढे करून उभी आहेत. मजकूर ‘इटलीचं पोषण’. गरीब मुलांच्या खर्चासाठी सरकारी योजना होती, तिची ही जाहिरात. योजना खरी होती का? १७४७ मध्ये इटलीत वेलेया या जुन्या गावाच्या जागी एक भलामोठा काशाचा पत्रा सापडला. त्यावर सगळा हिशोब कोरलाय. कोणत्या जमीनमालकाची कोणती जमीन तारण, तिची किंमत किती, त्यावर सरकारने कर्ज किती दिलं. या कर्जाच्या व्याजातून गावातल्या सुमारे ३०० मुलांना महिन्याला पैसे. औरस मुलाला १६ सेस्टर्शियस, मुलीला १२. मुलीला कमी, हेही लपवलेलं नाही.

हे बघा, नाण्यावरचं चित्र खरं ठरलं ते चित्र सुंदर आहे म्हणून नाही. शेतांची नावं आणि रकमा असलेली यादी हाती लागली म्हणून. योजनेचा फोटो आणि लाभार्थींची यादी यांत जो फरक असतो, तो हाच.

बरं, यादी नसेल तर? मग धातू बघायचा. चित्रात काय काढायचं ते सम्राट ठरवतो, पण तराजू त्याचं ऐकत नाही.

इ.स. ६४ मध्ये रोमला मोठी आग लागली. शहर उभारायचं होतं, शिवाय नीरोला स्वतःचा सोनेरी महाल बांधायचा होता. पैसा कुठून आणायचा? आधी एका रोमन रत्तलात, म्हणजे सुमारे ३२५ ग्रॅम सोन्यात, ४० ते ४२ ऑरियस व्हायचे. नीरोने ४५ पाडायला लावले. चांदीच्या नाण्यातही भेसळ वाढवली. किंमत तीच, चेहरा तोच, उलट आणखी जाडजूड आणि ठसठशीत. त्याच सुमाराच्या नाण्यांवर एका देवळाचं बंद दार दिसतं. जेनस देवाच्या या देवळाचं दार युद्ध नसेल तेव्हाच बंद करायची प्रथा होती. सम्राटाने शांतता आणली, हे मोठ्या अक्षरांत. वजन घटवलं, हे कुठेच नाही.

दीडशे वर्षांनी काराकाला सम्राटाने रत्तलात ५० नाणी केली. चांदीचं तर विचारूच नका. गॅलिएनसच्या कारकिर्दीअखेरीस ज्याला चांदीचं नाणं म्हणायचे त्यात शेकड्याला पाच भागही चांदी उरली नव्हती. तांब्यावर चांदीचा मुलामा. सोन्याच्या नाण्याचं वजन हाताला येईल तसं, एकाला दुसऱ्याचा मेळ नाही. आणि याच काळात ते ‘सगळीकडे शांतता’ आलं. शब्द फुगत गेले तसा धातू आटत गेला.

उलट उदाहरणही आहे. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला कॉन्स्टंटाइनने नवं नाणं काढलं, सॉलिडस. रत्तलात ७२, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास. पूर्वीपेक्षा लहानच, पण ठरवलं ते पाळलं. चेहरे बदलले, राजवंश बदलले, धर्म बदलला. सातव्या शतकाच्या शेवटी तर दर्शनी बाजूवरचा सम्राट मागे गेला आणि त्या जागी येशूचा चेहरा आला. वजन आणि कस मात्र अकराव्या शतकापर्यंत जवळपास तोच राहिला. सातशे वर्षं. लोकांचा विश्वास कशावर होता ते यावरून कळतं.

आता तुम्ही म्हणाल, यात आपला काय संबंध? संबंध आहे. हे सोनं आपल्याकडे येत होतं.

प्लिनी हा रोमन लेखक नीरोच्याच पिढीतला. त्याने तक्रार लिहून ठेवलीय की भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्शियस ओढून घेतो. ऑरियसमध्ये मांडलं तर पाच लाख नाणी. आकडा त्याने रागाच्या भरात फुगवला असेल असं अनेक अभ्यासक म्हणतात, पण मिरी, मलमल, मोती यांच्यापायी सोनं इकडे वाहत होतं यात वाद नाही. त्याच शतकातलं ‘पेरिप्लस’ नावाचं ग्रीक खलाशाचं टिपणवजा पुस्तक आहे. भडोच बंदरात रोमचं सोन्या-चांदीचं नाणं उतरवलं तर तिथल्या पैशात बदलताना नफा होतो, असं त्यात लिहिलंय. आणि भडोचला माल कुठून यायचा? पैठण आणि तेरहून, गाड्यांवर लादून, खडतर रस्त्याने. आपलंच पैठण, आपलंच धाराशिवजवळचं तेर.

आपली माणसं त्या चेहऱ्याचं काय करायची? प्लिनीनेच सांगितलेला एक किस्सा आहे. एका रोमन जकात ठेकेदाराचा माणूस वादळात भरकटून श्रीलंकेला लागला. तिथल्या राजाने त्याच्याकडची नाणी बघितली. चेहरे वेगवेगळ्या सम्राटांचे, पण वजन सगळ्यांचं सारखं. राजा खूश झाला तो या सारख्या वजनावर. म्हणाला, हे लोक प्रामाणिक दिसतात. सम्राटांचे चेहरे बघून त्याच्यावर काडीचाही परिणाम झाला नाही!

तमिळनाडूत पुदुकोट्टईजवळ १८९८ मध्ये ५०१ ऑरियसचा साठा सापडला. त्यांतल्या बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव आहे. आत सोनंच आहे ना हे बघायला, की या परक्या राजाचा हुकूम इथे चालत नाही हे सांगायला, यावर विद्वानांचे वाद चालू आहेत. कारण काहीही असो, घाव घालणाऱ्याला चेहऱ्याची भीड वाटली नाही एवढं खरं. दुसरीकडे तेरच्या उत्खननात रोमन नाण्यांची मातीची नक्कल सापडलीय, गळ्यात घालायला कडी असलेली. ज्याला सोनं परवडत नव्हतं त्याने मातीचा सम्राट गळ्यात बांधला असेल, हौस म्हणून. चेहऱ्याचा हाही उपयोग. आपल्या पुतळ्यांच्या माळेची दूरची आत्याच म्हणा.

आता नाशिककडे या. पेरिप्लसच्या काळात भडोचवर राज्य होतं क्षत्रप नहपानाचं. त्याने चांदीची नाणी पाडली. समोर स्वतःचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं, मागे ब्राह्मी आणि खरोष्ठी. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पाडाव केला. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांवर नाणी. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप मारलाय. नाणं वितळवलं नाही, नहपानाच्या तोंडावरच तीन कमानींच्या डोंगराचा ठसा हाणला. काही नाण्यांवर ठशाच्या खालून नहपानाचं नाक अजून दिसतं. सातकर्णीने हा ठसा मारताना आपला चेहरा टाकला नाही, फक्त चिन्हं आणि नाव. पण पुढे याच वंशातल्या यज्ञ सातकर्णीच्या चांदीच्या नाण्यावर राजाचा चेहरा आलाच. सोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ मध्ये ते नाणं मिळालं. ब्रूटसची गोष्ट आठवली ना?

आणि शेवटचं. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात जा. तिथे नहपानाच्या जावयाने, उषवदाताने, भिंतीवर एक लेख कोरून ठेवलाय. लेण्यातल्या भिक्खूंच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव. दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. व्याजातून भिक्खूंना वस्त्र. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याज तेवढं खायचं. म्हणजे वेलेयाच्या पत्र्यासारखाच चारचौघांत मांडलेला हिशोब, आपल्या घरापासून एका एसटीच्या अंतरावर. सासऱ्याच्या चेहऱ्यावर नऊ हजार वेळा हातोडा पडला. जावयाने लिहिलेला हिशोब अजून भिंतीवर वाचता येतो. त्यात राज्य गेलेल्यांचं कौतुक करायचा माझा हेतू नाही. रक्कम, दर आणि ठेव कोणाकडे आहे, हे तिघंही लिहून ठेवले की गोष्ट किती टिकते ते सांगतोय.

आमच्या धंद्यात रोज चकचकीत नाणी येऊन पडतात. पानभर जाहिरात, हसरा चेहरा, वर एक घोषणा. जाहिरात आम्हीही छापतो, त्यावर आमची चूल पेटते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण वाचताना तुम्ही चार गोष्टी विचारा. घोषणेत जो शब्द सगळ्यांत मोठा आहे, त्याचीच टंचाई आहे का? चेहरा कोणाचा आणि पैसा कोणाचा? गेल्या वर्षी शेजारी असलेला फोटो यंदा कुठे गेला? आणि यादी कुठे आहे, नावांची, रकमांची? यादी मागायचा हक्क आपल्याला २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दिलाय. अर्जाला दहा रुपये लागतात.

आमच्या आज्या सराफाकडे गेल्या की नाणं आधी दगडावर आपटून वाजवायच्या. त्याच्यावर चित्र कोणाचं आहे हे त्यांनी कधी विचारलेलं मला तरी आठवत नाही.

(नाणी प्रत्यक्ष बघायची असतील तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे. तेरच्या संग्रहालयातही सातवाहन काळातल्या वस्तू आहेत. मुलांना घेऊन जा. आणि नांगरताना, पाया खणताना जुनं नाणं सापडलं तर परस्पर वितळवू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कायदा जुना आहे, पण अजून लागू आहे. सोनं वितळलं की सोनं राहतं, प्रेसनोट मात्र कायमची जाते.)